'ट्रेंच इफेक्ट'ला मराठीत काय म्हणावं?

भाषांतरवाली: लंडनच्या किंग्ज क्रॉस भुयारी स्थानकातल्या १९८७ च्या आगीवरचा लेख मराठीत करते आहे. लाकडी सरकत्या जिन्याखाली पेटती काडी पडली. पंधराएक मिनिटं आग लहानच होती, मग एकदम जाळाचा लोळ वर तिकीट-हॉलमध्ये घुसला. ३१ माणसं गेली. इंग्लंडमधल्या हार्वेल संशोधन केंद्रातल्या संशोधकांनी ज्वाळा-धुराचा प्रवाह संगणकावर मांडला (या शास्त्राला मी 'संगणकीय द्रवगतिकी' लिहिलंय), तेव्हा ज्वाळा सरळ वर न जाता जिन्याच्या दोन कठड्यांमध्ये, पायऱ्यांवर आडव्या पडून चढताना दिसल्या. आधी कुणाला पटेना. एक-तृतीयांश मापाचा जिना खरोखर पेटवला, तेव्हा तसंच घडलं. यालाच 'ट्रेंच इफेक्ट' म्हणतात. मी 'खंदक परिणाम' लिहिलं, संपादकांनी 'चर परिणाम' केलं. दोन्ही वाचून डोळ्यांपुढे काही उभं राहत नाही.

रानवाट: खंदक किल्ल्याभोवती, चर शेतात. इथे चढ महत्त्वाचा आहे. 'घळ' घ्या. आमच्या डोंगरात वणवा लागला तेव्हा पाहिलंय, पठारावर गुडघाभर असलेला जाळ घळीत शिरला आणि गवताला चिकटून, वाकून वर पळाला. घळीच्या माथ्यावर उभं राहू नका, असं म्हातारी माणसं ओरडून सांगत होती.

कोकणी: घळ वेडीवाकडी असते. सरळ तळ, दोन्ही बाजूंना काठ आणि उतार, म्हणजे पन्हळ. आमच्याकडे पोफळ उभी चिरून, आतला गाभा काढून करतात. 'पन्हळीतला जाळ' म्हणा, आकार लगेच दिसतो.

शब्दवेडा: पन्हळ आली संस्कृत 'प्रणाल', 'प्रणाली'वरून. पन्हाळगडाचं जुनं नावही 'प्रणालक'. म्हणजे आपली संगणक प्रणाली मुळात पन्हळच!

रानवाट: पन्हळीतून पाणी खाली येतं हो. जाळ वर जातो.

मास्तर: आधी त्या शास्त्राचं नाव नीट लिहा. 'संगणकीय द्रवगतिकी' नको, ज्वाळा आणि धूर द्रव नव्हेत. द्रव आणि वायू मिळून 'द्रायू'. विश्वकोशात 'द्रायुयामिकी' आहे.

प्लँटवाला: केमिकल प्लँटच्या सेफ्टीत २१ वर्षं झाली, 'द्रायू' कुणाच्या तोंडून ऐकला नाही. सगळे सीएफडीच (कॉम्प्युटेशनल फ्लुइड डायनॅमिक्स) म्हणतात. पण 'द्रव' चुकीचाच, हे मान्य. आमच्या ट्रेनिंगच्या पुस्तिकेत तोच छापला होता. एका ऑपरेटरने विचारलं, "साहेब, हे पातळ मालापुरतंच ना?" तो एलपीजीच्या टाक्यांवर होता! एलपीजीचा वायू हवेपेक्षा जड. वारा पडलेला असला की जमिनीलगत पसरतो, गटारात साचतो. २००५ साली इंग्लंडात बन्सफिल्डला पेट्रोलची टाकी भरून वाहिली. वारा जवळजवळ नव्हताच. वाफेचा ढग लांबवर पसरला आणि मग स्फोट झाला.

मास्तर: म्हणूनच अचूक शब्द हवा. वापरल्याशिवाय तो रुळणार कसा? 'संगणक'ही एके काळी खुपत होताच.

प्लँटवाला: पुस्तकात रुळू द्या. माझ्या बोर्डावर 'गॅस खाली साचतो' एवढंच राहील. भोंगा वाजल्यावर शब्दाची फोड करत कोण बसणार?

भाषांतरवाली: मास्तर, 'द्रायू' घेते, पहिल्या वापराशी फोड देऊन. पण जिन्याचं काय? घळ की पन्हळ?

शब्दवेडा: पन्हळच. पण 'तो पन्हळ' लिहा.

कोकणी: 'तो'? आमच्याकडे सगळे 'ती पन्हळ' म्हणतात. तुम्ही कुठले?