बाटल्यांचे खोके नकोत, आधी बांय (विहीर) उपसा

म्हापसेकर (मूळ पोस्ट): एप्रिल आला की गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात डोंगराकडच्या वाड्यांवर पाण्याचे हाल सुरू. यंदा घरटी पाण्याच्या बाटल्यांचा एक खोका काढूया. आपल्याकडे नळ सोडला की पाणी येतं, त्याची किंमत तरी कळेल.

सत्तरीकर: अहो, हिशेब करा. खोक्यात १२ लिटर. घरोघरी नळाचं पाणी देणाऱ्या जलजीवन मिशनचा निकष माणशी रोज ५५ लिटर. पाच माणसांच्या घराला २७५ लिटर, म्हणजे रोज २३ खोके. आणि रिकाम्या बाटल्या जाणार व्हाळात (ओढ्यात). त्यापेक्षा वाडीवरची जुनी बांय उपसा, गाळ काढा, कठडा दुरुस्त करा, सांडलेलं पाणी परत आत झिरपणार नाही अशी भोवती फरशी घाला. मग ब्लीचिंग पावडर. तीन मीटर व्यासाच्या बांयीत दोन मीटर पाणी असेल तर ते सुमारे १४ हजार लिटर. हजार लिटरला अडीच ग्रॅम, म्हणजे ३५ ग्रॅम पुरे. लोक किलोभर ओततात, पाणी तोंडात धरवत नाही, आणि माणसं बांय सोडून व्हाळावर जातात.

म्हापसेकर: तहान आज लागलीय, तुम्ही गाळ काढायला सांगता! बरं, खोके नकोत तर आरओ मशीन देऊ.

फोंड्याकडचा: आरओचं नाव काढू नका! चिऱ्याच्या (जांभ्या) खडकातलं आपलं पाणी मुळातच मऊ, क्षार कमी. आरओ क्षार काढतो, इथे काढायचे कुठले? वर घरगुती मशीन एक लिटर देताना दोन-तीन लिटर मोरीत सोडतं. टंचाईच्या वाडीवर हे? आपला खरा त्रास शौचालयाच्या सोकपिटाचा, म्हणजे मैलापाणी मुरवणाऱ्या खड्ड्याचा. बांयीपासून निदान १५ मीटर लांब हवा, पण वाड्यांवर जागाच नसते. त्याला उकळणं किंवा ब्लीचिंग पावडरीतला क्लोरीन. लोह असेल तर पाणी उंचावरून ओतून हवा लागू द्या, तांबूस गाळ बसला की वरचं गाळून घ्या.

डिचोलीकर: क्लोरीन, क्लोरीन! बांयीतले गप्पी मासे मरतात त्याचं काय? मग डास कोण खाणार? आणि उघड्या पोत्यातल्या पावडरीत दम किती उरतो?

सत्तरीकर: माशांचं खरं आहे, मान्य. आदल्या दिवशी टबात काढा, क्लोरीन उतरल्यावर सोडा. पावडरीचंही खरं, दमट हवेत ती लवकर मरते. घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा, ताजीच वापरा. पण म्हणून टाकायचीच नाही? आधी पेस्ट करा, बादलीत पाणी घालून ढवळा, चुना खाली बसू द्या. वरचं निवळ तेवढंच दुसऱ्या बादलीत घेऊन ती दोरीने बांयीत सोडा, वरखाली हलवा. चुना आत गेला तर पाणी नुसतं जड होतं. तासाभराने क्लोरोस्कोपवर (पाण्यात उरलेला क्लोरीन मोजायचा संच) लिटरला ०.५ मिलिग्रॅम दिसलं तर ठीक, नाही तर पुन्हा थोडी मात्रा.

डिचोलीकर: बांयच आटली तर क्लोरीन कशात घालणार? सच्छिद्र चिऱ्यात मुरवलेलं पाणी मेपर्यंत थांबत नाही, उताराने निघून जातं.

केपेंकार: म्हणून छपरावरचं पावसाचं पाणी टाकीत साठवा! पिण्या-रांधण्याला माणशी सात लिटर धरा. पाच माणसं, १२० दिवस, ४,२०० लिटर. पाच हजारांची टाकी बस्स. ५० चौरस मीटर छपरावर १०० मिलिमीटर पाऊस पडला तर चारेक हजार लिटर हाती येतात. पण जूनचं पाणी घेऊ नका, कौलांवरची शेवाळ आणि पक्ष्यांची घाण उतरते. ऑगस्ट-सप्टेंबरात भरा. तेव्हाही प्रत्येक उघडिपीनंतरचे पहिले ५० लिटर वळवा. त्यासाठी पिंपच ठेवा, चार इंची पायपात मीटरला आठेक लिटरच मावतात.

म्हापसेकर: गोवा २०२२ मध्ये 'हर घर जल' (घरोघरी नळजोडणी) प्रमाणित झालेलं पहिलं राज्य, आणि आपण टाक्या मोजत बसलोय!

फोंड्याकडचा: प्रमाणपत्र जोडणीचं. शेवटच्या वळणावरच्या नळात दाब नसेल तर प्रमाणपत्र पिणार का?

म्हापसेकर: ठीक. आठवडाभरच बाटल्या, त्याही २० लिटरच्या, परत न्यायच्या. उरलेल्या पैशांत एक टाकी आणि एक क्लोरोस्कोप. बांय उपसायला माणसं तुम्ही आणा.

सत्तरीकर: आणतो. टाकीच्या झाकणाला आणि ओव्हरफ्लोच्या तोंडाला बारीक जाळी लागेल, नाही तर डेंग्यूच्या डासांची पैदास होते. ती आधी घ्या.