मदत हवी आहे: पोस्टग्रेस सर्व्हरला डिस्क कशा लावू? रेड ५ की रेड १०?

मंडळी, जरा अडलोय. आमचं दूध संकलनाचं सॉफ्टवेअर आहे, मागे पोस्टग्रेस डेटाबेस, डेटा ४०० जीबीच्या आसपास. सकाळी सहा ते साडेआठ सगळ्या केंद्रांवरून एकदमच एंट्र्या येतात, लिटर, फॅट, एसएनएफ (फॅट सोडून दुधातले घन पदार्थ), आणि त्यात दहा दिवसांचं बिल काढायचा दिवस असला की बघायलाच नको. परवा केंद्रावरच्या पोराचा फोन, "दादा पावती निघंना, मागं कॅनांची लाइन लागलीय."

आयओस्टॅट (डिस्कवरचा लोड दाखवणारं टूल) लावलं तर सीपीयू निवांत, डिस्क १०० टक्के, राइटला ६०-७० मिलिसेकंद. ४ एसएएस (सर्व्हरच्या) हार्ड डिस्क, रेड ५ मध्ये, म्हणजे डिस्क एकत्र जोडून, एक उडाली तरी डेटा परत काढता यावा म्हणून पॅरिटी (जास्तीची हिशोबाची माहिती) ठेवायची. खोदल्यावर कळलं की रेड कार्डाची बॅटरी मेलीय, म्हणून राइट-बॅक (आधी कार्डाच्या मेमरीत घेऊन डिस्कवर नंतर लिहिणं) आपोआप बंद पडून राइट-थ्रू झालंय, म्हणजे प्रत्येक कमिट (एंट्री पक्की होणं) थेट तबकडीवर लिहून होईपर्यंत बसून राहायचं. बॅटरी मागवलीय, पण मशीन सात वर्षांचं, त्यामुळे साहेब नवीन घ्यायला तयार झालेत.

व्हेंडरचं कोटेशन: ६४ कोर, ६४ जीबी रॅम आणि ४ साध्या एनव्हीएमई एसएसडी, परत रेड ५च! म्हणे रेड १० मध्ये निम्मी जागा वाया जाते. अरे पण जागा कुणाला हवीय? रेड ५ ला एका छोट्या राइटसाठी जुना डेटा वाचा, जुनी पॅरिटी वाचा, मग दोन्ही लिहा, चार फेऱ्या. रेड १० ला (डिस्कच्या जोड्या, जोडीतल्या दोन्हींवर तीच प्रत) दोनच.

माझा विचार: १६ कोर, १२८ जीबी ईसीसी (चुका दुरुस्त करणारी) रॅम (त्यातली पोस्टग्रेसची कॅश, शेअर्ड बफर्स, ३२ जीबी), १.९२ टीबीच्या ४ एंटरप्राइझ एसएसडी रेड १० मध्ये, ३.८४ टीबी मिळतात, रग्गड झालं. एसएसडी पॉवर लॉस प्रोटेक्शनवाल्याच, कारण ऑफिसच्या पीसीतल्या साध्या एनव्हीएमईवर पीजी-टेस्ट-एफसिंक (एफसिंक, म्हणजे डेटा खरंच डिस्कवर पक्का करणं, किती वेगात होतं ते मोजणारं टूल) चालवलं तर खोक्यावर लाखांत आयओपीएस (सेकंदाला वाचन-लेखन) छापलेले आणि एफसिंक सेकंदाला जेमतेम ७००. वीज गेल्यावर मेमरीतलं लिहून पुरं करायला आत कपॅसिटर नाही, मग करणार काय बिचारी.

आता अडलंय ते असं, वॉलसाठी (पोस्टग्रेस प्रत्येक बदल आधी ज्यात नोंदवतं तो लॉग) वेगळ्या दोन डिस्कचा मिरर करू की एसएसडी असल्यावर सगळं एकाच रेड १० वर ठेवलं तरी चालतं? आणि एनव्हीएमईला हार्डवेअर रेड कार्ड घ्यावं की लिनक्सचं एमडी-रेड (कार्डाशिवाय, सॉफ्टवेअरमधलं रेड) पुरेल? कुणी एमडी-रेडवर डिस्क उडाल्यावर चालू लोडमध्ये रिबिल्ड (नव्या डिस्कवर डेटा परत भरणं) केलंय का, तेव्हा सकाळची गर्दी झेपली का?

क्लाउडवर जा म्हणणाऱ्यांनी आधी आमच्याकडचं नेट बघून जावं, चहा माझ्याकडून. बॅकअप रोज रात्री दुसऱ्या बिल्डिंगमध्ये जातो, ते सोडून बोला. सोमवारी कोटेशन फायनल करायचंय.