मदत हवी आहे: ‘थ्वॉर्ट’ या इंग्रजी क्रियापदाला नेमका मराठी शब्द कोणता?

नमस्कार.

एका इंग्रजी मजकुराचे भाषांतर करताना ‘थ्वॉर्ट’ या क्रियापदापाशी मी दोन दिवसांपासून अडलो आहे. कोणाचा बेत फसवणे, प्रयत्न तडीस जाऊ न देणे, हा अर्थ कोशात मिळतो. अडचण त्यापुढची आहे. कट असता तर ‘उधळून लावला’ असे लिहून मोकळा झालो असतो. परंतु माझ्या वाक्यात बचावकार्य फसते ते दाट धुक्यामुळे, आणि ‘धुक्याने बचावकार्य हाणून पाडले’ असे लिहिले की धुक्याच्या हाती सोटा असल्यासारखे वाटते. ‘खीळ बसली’ म्हणावे, तर काम पुन्हा सुरू होण्याची आशा उरते. ‘मोडता घातला’ म्हटले की कोणाचा तरी खोडसाळपणा डोकावतो.

म्हणून व्युत्पत्ती पाहिली. जुन्या नॉर्स भाषेतील ‘थ्वेर्ट’, म्हणजे ‘आडवे’, हा शब्द मध्ययुगीन इंग्रजीत आला आणि ‘आडवे येणे’ यावरून ‘बेत फसवणे’ या अर्थापर्यंत पोहोचला. जर्मनमधील ‘क्वेर’ हा त्याचाच भाऊबंद असून, इंग्रजी ‘अथ्वॉर्ट’मध्ये आडवेपणाचा मूळ अर्थ आजही टिकून आहे. (होडीत वल्हवणाऱ्याच्या बसण्याच्या आडव्या फळीलाही ‘थ्वॉर्ट’ म्हणतात. ती याच घराण्यातली, असे मी धरून चाललो होतो. पण तिचे मूळ जुन्या इंग्रजीतील ‘थोफ्टे’ या निराळ्या शब्दात असून, पुढे ‘थ्वॉर्ट’च्या प्रभावाने तिचे रूप बदलले, असे मानतात.)

हे वाचल्यावर आपली ‘आडकाठी’ आठवली, कारण चित्र तेच आहे: वाटेत आडवी टाकलेली काठी. तरीही ‘धुके आडवे आले’ यातून केवळ अडथळा कळतो, प्रयत्न अखेर फसला हे कळत नाही. ‘धुके आडवे आल्याने बचावकार्य निष्फळ ठरले’ हे अर्थाला धरून आहे खरे, पण मूळ वाक्य अवघ्या चार शब्दांचे असल्याने त्यातला झटका पार निघून जातो.

निर्जीव कर्त्याला शोभेल आणि अडथळा व अपयश दोन्ही एकदम सांगेल, असे एकच क्रियापद कोणाला ठाऊक आहे का? जुन्या गद्यातला किंवा बोलीतला शब्दही चालेल. मात्र तो कोणत्या वाक्यात वापरतात, तेही कृपया लिहावे.