मायनर लीगचा पिचर हिवाळ्यातही खेळतो, मग हाताला विश्रांती कधी?

कृष्णाकाठ_सांगली
शाळेतल्या मुलांना बेसबॉल शिकवतो. बहुतेक पोरं क्रिकेटमधून आलेली आहेत. त्यातला सतरा वर्षांचा एक डावखुरा पिचर (फलंदाजाला चेंडू टाकणारा) चांगला आहे, आणि परदेशी पिचरांची आकडेवारी वाचून तो एकच प्रश्न विचारतो: एप्रिल ते सप्टेंबर मायनर लीग (अमेरिकेतल्या सर्वोच्च मेजर लीगच्या खालच्या पायऱ्या) आणि ऑक्टोबरपासून डोमिनिकन रिपब्लिक किंवा मेक्सिकोत सामने, हे वर्षानुवर्षं जमतं कसं? हे पैशासाठी असतं की वर जाण्यासाठी? जाणकारांनी सविस्तर सांगावं.

साताऱ्याचा_माउंड
दोन्हींसाठी. 2021 पासून मेजर लीगच्या 30 क्लबांशी जोडलेले 120 संघ चार पायऱ्यांवर आहेत, खालून वर: सिंगल-ए, हाय-ए, डबल-ए, ट्रिपल-ए. त्याखाली नवख्यांच्या कॉम्प्लेक्स लीग. 2023 च्या करारात किमान वार्षिक पगार सिंगल-एला 26,200 डॉलर आणि ट्रिपल-एला 35,800 डॉलर ठरला. त्याआधी पगार फारच तुटपुंजे होते, म्हणून हिवाळ्यातला महिन्याचा पगार घर चालवायला लागायचा.

दुसरं कारण जास्त महत्त्वाचं. मेजर लीग क्लबच्या 40 मुख्य खेळाडूंच्या यादीत नाव नसलेला, ठरावीक वर्षं भरल्यावर करारातून मोकळा झालेला पिचर साधारण पंचविशी-तिशीत असतो. डोमिनिकन, व्हेनेझुएला, मेक्सिकोच्या पॅसिफिक लीगमध्ये त्याला डबल-ए, ट्रिपल-ए किंवा त्याहून वरचे फलंदाज भेटतात. जपान-कोरियाचे स्काउटही (खेळाडू हेरणारे) सामने बघायला येतात. पण तिथले क्लब जिंकायला खेळतात, पिचर घडवायला नाही. परदेशी खेळाडूंच्या जागा मोजक्या असतात. दोन-तीन सामने वाईट गेले की परतीचं तिकीट हातात पडतं.

फोर_सीम_मिरज
वरचं बरोबर आहे, पण खरं उत्तर इनिंगच्या हिशोबात आहे (पिचरने तीन फलंदाज बाद केले की त्याची एक इनिंग). मायनर लीगमध्ये आठवड्याला सहा सामने असतात आणि सोमवार सुट्टीचा. सामना सुरू करणारा पिचर बहुधा आठवड्यातून एकदा 80-95 चेंडू टाकतो. पूर्ण मोसम तंदुरुस्त राहिला तर 120-130 इनिंग होतात. अशा पिचरला हिवाळ्यात कोणी शहाणा क्लब पाठवत नाही. फार टाकून झालेल्या पिचरला थकव्याच्या कारणावरून अडवण्याचा अधिकार मूळ क्लबला आहे.

हिवाळ्यात जातो तो वेगळा माणूस. दुखापतीने अर्धा मोसम बुडून 40-50 इनिंगवर अडकलेला, किंवा मधेच येऊन एकेक इनिंग टाकणारा रिलीव्हर, नाहीतर नव्या प्रकारचा चेंडू (समजा, चेंजअप, म्हणजे फसवा हळू चेंडू) सामन्यात पक्का करू पाहणारा. त्याच्याकडे वर्षाच्या हिशोबात शिल्लक असते. ती शिल्लक नसताना गेलेल्याचं बिघडतं.

बिघडतं कसं तेही मुलाला सांगा. डिसेंबरअखेर हिवाळी मोसमाचे साखळी सामने संपतात, नंतर जानेवारीत बाद फेरी आणि फेब्रुवारीच्या सुरुवातीला या लीगांच्या विजेत्यांची कॅरिबियन सिरीज. स्प्रिंग ट्रेनिंग (अमेरिकी क्लबांचं मोसमाआधीचं शिबिर) फेब्रुवारीच्या मध्यावर उभं राहतं. हाताला पूर्ण विश्रांती दिली की पुन्हा चढायला सहा ते आठ आठवडे लागतात: आधी 60 फुटांवरून हलकी फेक, मग 90, 120, नंतर सपाट जमिनीवरून, मग माउंडवर (पिचरचा मातीचा उंचवटा) 20-25 चेंडू, पुढे 35, 45, आणि शेवटी फलंदाजासमोर. शेवटपर्यंत टाकत राहिलेल्याला एकतर विश्रांती मिळत नाही, नाहीतर ही चढण घाईत उरकावी लागते. कोपराच्या आतल्या बाजूचं लिगामेंट अशा घाईत जातं. त्यावरची शस्त्रक्रिया 1974 मध्ये टॉमी जॉन या पिचरवर पहिल्यांदा झाली, आजही परतायला 12 ते 18 महिने लागतात.

कृष्णाकाठ_सांगली
फार उपयोगी. एक अडचण आहे. आमचा मुलगा डिसेंबर-जानेवारीत टेनिस बॉलच्या स्पर्धांतही फास्ट टाकतो. संघात मुलं कमी, त्यामुळे पिचिंग नसेल तेव्हा कॅचरही (फलंदाजामागे बसून चेंडू झेलणारा) तोच असतो.

फोर_सीम_मिरज
सर, मग त्याचा हिवाळी मोसम सुरूच आहे, फक्त कोणी मोजत नाहीये. कॅचरपद आधी काढून घ्या. कॅचर प्रत्येक चेंडू परत फेकतो, वर बेसवर जोरात फेकी. पिचर आणि कॅचर एकच असू नये, हे मेजर लीगच्या पिच स्मार्ट या तरुण पिचरांसाठीच्या शिफारशींतही आहे.

त्याच शिफारशींप्रमाणे 17-18 वयाला एका दिवसात 105 चेंडूंची कमाल मर्यादा आहे. 31-45 चेंडूंनंतर एक दिवस विश्रांती, 46-60 नंतर दोन, 61-80 नंतर तीन, त्यापुढे चार. वर्षात किमान चार महिने स्पर्धेतलं पिचिंग बंद, त्यातले दोन-तीन महिने सलग डोक्यावरून फेकणंच बंद. क्रिकेटची बॉलिंग कोपर सरळ ठेवून होते, म्हणून कोपरावरचा ताण वेगळा, पण खांदा दोन्हीकडे तोच. शिवाय फिल्डिंगची फेक डोक्यावरूनच असते. तेव्हा टेनिस बॉलच्या स्पर्धा हव्याच असतील तर त्यांना विश्रांती समजू नका, फेक पूर्ण बंद असलेले सलग महिने एप्रिल ते जूनमध्ये ठेवा.

साताऱ्याचा_माउंड
एक भर. भालाफेकीतून निवडले गेलेले रिंकू सिंग आणि दिनेश पटेल यांना 2008 मध्ये मेजर लीगच्या पिट्सबर्ग पायरेट्स क्लबने पिचर म्हणून घेतलं. रिंकू 2012 मध्ये सिंगल-ए पातळीपर्यंत पोहोचला, मधल्या काळात ऑस्ट्रेलियन लीगमध्येही टाकलं. मजबूत हात असूनही त्यांना पहिला वेळ द्यावा लागला तो पिचिंगची मूळ क्रिया शिकण्यात. तुमच्या मुलाला वेगाच्या आधी फोर-सीम ग्रिप (सरळ वेगवान चेंडूची मूळ पकड) आणि पाय उतरण्याची जागा पक्की करू द्या. आणि थकल्याची खूण वहीत लिहा: चेंडू वर जायला लागले, वेग उतरला, की त्या दिवशीची मोजणी कितीही कमी असो, थांबवा. करंगळी-अनामिकेत मुंग्या आल्या तर घरी शेकत न बसता थेट हाडांच्या डॉक्टरकडे.