प्लांटेड टँकचे व्हिडिओ कोणी बघत नाही म्हणे! बघतील कसे?

हिरवी_पेटी (छत्रपती संभाजीनगर)
वर्षभर बघतोय, व्ह्यूज उतरतच चाललेत. माझेच नाही, मराठी-हिंदीत प्लांटेड टँकवर, म्हणजे जिवंत पाणवनस्पती लावलेल्या माशांच्या टाकीवर, व्हिडिओ करणाऱ्या बहुतेकांची हीच रड आहे. वीस मिनिटांच्या व्हिडिओमागे आठवडा जातो आणि लोक दोन मिनिटांत पळतात. रील बघून बघून संयम उरलेला नाही. आणि स्पष्ट बोलायचं तर आपल्या मराठवाड्यात या छंदाला लागणारी चिकाटी कधी नव्हतीच. इथे मासे म्हणजे फ्लॉवरहॉर्न, नाहीतर वास्तूसाठी अरोवाना. छंद संपत आलाय, मान्य करा.

बोअरचं_पाणी (लातूर)
दादा, व्ह्यूज उतरले त्याचं वाईट वाटलं. पण ‘मराठवाड्यात चिकाटी नव्हतीच’ हे वाचून राहवलं नाही, म्हणून जरा लांबण लावतो.

चिकाटीचं आम्हाला सांगू नका. २०१६ च्या मार्चात लातुरात पाणी भरायच्या ठिकाणी १४४ कलम लागलं होतं. एप्रिलात मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं, पहिल्या खेपेला १० वाघिणी, सुमारे ५ लाख लिटर. त्या उन्हाळ्यात मासे टबात काढून, रोपं ओल्या कापडात गुंडाळून ज्यांनी टाकी तगवली ती माणसं आजही इथंच आहेत. तीच तुमचे व्हिडिओ बघायची. आता का बघत नाहीत, हे त्यांना विचारलंत कधी?

व्हिडिओत, एकट्या तुमच्या नाही, सगळ्यांच्याच, दुसऱ्या मिनिटाला येतं: ‘आता साधं नळाचं पाणी भरून घ्या.’ कुठल्या नळाचं? पुण्याला खडकवासल्याचं मऊ, म्हणजे कमी क्षारांचं पाणी. मुंबईलाही तसंच. रोपांच्या टाक्या सजवणाऱ्या ज्या ताकाशी अमानोंची सगळे नक्कल करतात त्यांच्या जपानातही पाणी मऊच. आमच्याकडं नळ येईल तेव्हा येईल, बाकी दिवस बोअर. माझ्या बोअरला टीडीएस, म्हणजे विरघळलेले क्षार, हजाराच्या वर. साबणाला फेस धरत नाही, आणि तुरीच्या एवढ्या मोठ्या बाजारपेठेत राहून आमची डाळ आरओशिवाय शिजत नाही.

अशा पाण्यात तुमची महागडी अ‍ॅक्वा सॉइल, म्हणजे रोपांसाठीची तयार माती, टाकली. सुरुवातीला पीएच खाली येतो, माणूस खूश. मग सॉइलची ताकद संपते, कारण तेवढा केएच (पीएच वर धरून ठेवणारं पाण्यातलं बायकार्बोनेट) रोज पचवायचा म्हणजे किती दिवस पचवणार? पीएच परत वर. क्यूबा या बुटक्या रोपाचा गालिचा पिवळा पडतो आणि मग पान न् पान विरघळतं. तोवर तुमचा व्हिडिओ संपलेला असतो. टाकी भरली, धुकं बसलं, निऑन टेट्रा सोडले, गाणं लावलं, सबस्क्राइब करा! तिसऱ्या महिन्यात लाकडावर शेवाळाची काळी दाढी येते ती कोणत्या व्हिडिओत आहे, मला लिंक द्या.

माणसं संयम नाही म्हणून गेली नाहीत. तुमचं ऐकून पैसे बुडाले म्हणून गेली.

जालन्याचा_पुण्यात
पुणं मध्ये आणलंच का शेवटी? 😄

कडक पाणी ही पळवाट आहे. आधी टीडीएस आणि केएच एक समजणं बंद करा. टीडीएस मीटर फक्त सगळे विरघळलेले क्षार मिळून आकडा दाखवतं. त्यात कॅल्शियम किती, सोडियम किती, बायकार्बोनेट किती, काही कळत नाही. आमच्या सोसायटीत एकाने मिठावर चालणाऱ्या सॉफ्टनरचं पाणी ‘मऊ आहे’ म्हणून टाकीत भरलं. अहो, तो कॅल्शियम काढून सोडियम घालतो, टीडीएस आहे तिथेच राहतो. रोपं मान टाकून बसली.

व्हॅलिस्नेरिया, हायड्रिला या पाणवनस्पतींना कडक पाणी चालतंच असं नाही, आवडतं. सीओटू (कार्बन डायऑक्साइड) नसेल तर बायकार्बोनेटमधून कार्बन घेतात, पानांवर पांढरी खर दिसते ती त्याचीच. क्रिप्टोकोरिन, जावाफर्न, अनुबियासही निघतात. मासे गप्पी-मॉली ठेवा. बोअरच्या पाण्यात क्यूबाच लावायची हा हट्ट कोणाचा होता?

बोअरचं_पाणी
साहेब, हे जे तुम्ही फुकटात इथं सांगितलं ते एका तरी मराठी व्हिडिओत आहे का? माझं म्हणणं दुसरं काय आहे?

हिरवी_पेटी
आहे! मी केला होता. व्हॅलिस्नेरिया, काळी माती, वर वाळूचा थर, सीओटू नाही, अ‍ॅक्वा सॉइल नाही. सगळ्यात कमी बघितला गेलेला माझा व्हिडिओ तोच आहे. थंबनेलला लाल रोटाला आणि हिरवा गालिचा लावला की तुम्हीच क्लिक करता. तुम्हाला साधं बघायचं नसतं आणि नंतर साधं दाखवलं नाही म्हणून माझ्यावर चढता. कॅमेरा माझा, वीज माझी, रात्री एक वाजता एडिटिंग माझं. फुकटात बघणाऱ्यांनी ‘पैसे बुडाले’ म्हणू नये.

परभणीकर
भांडण नंतर करा, तारखा बघा आधी. मार्च २०२० ला लॉकडाऊन लागलं, घरी बसून निम्म्या गावानं टाक्या घेतल्या. त्याच वर्षी सप्टेंबरात यूट्यूबनं शॉर्ट्स भारतात आणले, टिकटॉक बंद झालं होतं म्हणून. म्हणजे गर्दी आली आणि तिला दुसरीकडं नेणारी वाटही त्याच वर्षी उघडली. तेव्हाचे आकडे धरून बसाल तर रडतच राहाल.

शिवाय हवामान बघा. आमच्याकडं मे मध्ये ४३-४४ आणि डिसेंबरात पाच-सहा अंश. पाणी ३२-३३ ला गेलं की ऑक्सिजनबी कमी न् सीओटूबी कमी विरघळतो. दुपारी लाईट गेली की फिल्टर बंद. निम्मे लोक पहिल्याच उन्हाळ्यात टाकी विकतात. टाकी विकल्यावर व्हिडिओ कामून बघतील?

जावाफर्न_नांदेड
सगळे दादा लोक ‘का सोडून गेले’ यावर बोलताय, म्हणून सोडून गेलेली मीच बोलते. माझी टाकी छान चाललीय म्हणून मी व्हिडिओ बघणं सोडलं. बाळंत झाल्यावर बाळंतपणाचं पुस्तक कोण वाचतं? दर व्हिडिओ ‘नवशिक्यांसाठी’. नवशिकी होते तेव्हा बघितले. पुढचं काय? क्रिप्टोकोरिन दाटली की मुळासकट उपटायची की वरून कापायची, गावाला पंधरा दिवस गेलं तर लाईट किती तास ठेवायची, हे कोणी सांगत नाही.

आणि ते ‘रोपं ऑनलाइन मागवा’ बंद करा हो. भर एप्रिलात कोलकात्याहून कुरिअरनं मागवली होती. पाकीट उघडलं तर काळपट लगदा. विकणारा म्हणतो, व्हिडिओ काढत उघडलं नाही तर भरपाई नाही. दारात उभं राहून आता लगद्याचंही शूटिंग करायचं!

कोरडवाहू (आष्टी, बीड)
मी दोन दिवस गप बसून वाचायलोय. आमच्या गावात उन्हाळ्यात टँकर येतो. बाया हंडे घेऊन रांगेत उभ्या राहतात. आणि तुमच्या व्हिडिओंत ‘आठवड्याला अर्धं पाणी बदला’ यावर चर्चा. आरओचं पाणी टाका म्हणे, त्याला एक लिटरमागं दोन-तीन लिटर मोरीत जातं. काचेच्या डब्यात गवत उगवायला! व्ह्यूज उतरले ते बरंच झालं.

बोअरचं_पाणी
भाऊ, टँकर आमच्याही गल्लीत येतो. हिशेब करू. दोन फुटी टाकीत भरून ५० लिटर पाणी, अर्धं म्हणजे २५. तेही फेकत नाही, नायट्रेटवालं पाणी कुंड्यांना सोन्यासारखं लागतं. आमच्या घरातला कूलर उन्हाळ्यात एका दिवसात त्याहून जास्त पितो, त्याला कोणी बोलत नाही. पाणी कुठं जातं ते बघायचं तर मांजराकाठी चला. उसाला हेक्टरी दीड ते अडीच कोटी लिटर. २०१६ ला मांजरा धरण कोरडं पडलं ते गप्पी माशांनी पिऊन पडलं का?

मांजराकाठ
आलं, उसावर आलंच! कुठलाबी विषय काढा, मासे काढा नाहीतर मंगळ काढा, शेवटी ऊसवाल्याला शिव्या.

सोयाबीनला २०२४ ला हमीभाव क्विंटलला ४,८९२ होता. बाजारात चार हजाराच्या आसपास घातलंय आम्ही. उसाला निदान एफआरपी, म्हणजे सरकारनं बांधून दिलेला दर हाय, कारखाना हाय, गारपिटीत आडवा पडला तरी काहीतरी हातात येतंय. तुम्ही शहरात बसून ऊस नको म्हणूलालेत, मग सोयाबीनला भाव द्या म्हणून कधी पोस्ट टाकली का?

कोरडवाहू
ठिबकवर करता का मोकाट पाटानं, तेवढं सांगा.

मांजराकाठ
निम्मं ठिबकवर. निम्म्याला पैसे नाहीत. अनुदानाचं विचारू नका, तोंड खराब होईल.

कोरडवाहू
मग निम्म्याचं तरी पाणी वाया घालवताच की. आम्ही ज्वारी-तुरीवर दिवस काढायचे आणि धरण तुमच्या बांधाला. वरून टेचात बोलायचं.

मांजराकाठ
ए, टेचात कोण बोललं? धरणाच्या बुडीतात आमच्या पाहुण्यांच्या जमिनी गेल्यात. धरण बांधलं तवा तुमच्या आष्टीनं काय दिलं?

हिरवी_पेटी
हा धागा अ‍ॅक्वेरियमचा आहे. आठवण करून देतो.

कोरडवाहू
तुमच्याच लिस्बनच्या व्हिडिओवरून बोलतो मग. पोर्तुगालात त्या अमानोंनी २०१५ ला पाण्याखालचं जंगल उभं केलं, ४० मीटर लांब, १ लाख ६० हजार लिटरचं. तुम्ही ‘अद्भुत, अद्भुत’ करत होता. मी मनात भागाकार केला: आमच्या गावच्या १० हजारी टँकरच्या १६ खेपा. मला अद्भुत दिसंना.

जावाफर्न_नांदेड
कोरडवाहू दादा, तुमचा राग पटतो, पण लिस्बनचं पाणी आष्टीला येणार नव्हतं. मी पत्र्याचं पाणी वापरते. ५०० चौरस फुटांचं छत म्हणजे ४६ चौरस मीटर, १०० मिलिमीटर पाऊस झाला तरी साडेचार हजार लिटर. पहिला पाऊस सोडून द्यायचा, नंतरचं टाकीत धरायचं. ते पावसाचं पाणी आणि बोअर निम्मं निम्मं. आरओ नको, वाया नको, केएच आपोआप अर्ध्यावर. एसीचं पाणी मात्र घेऊ नका, त्यात तांबं उतरतं, झिंगे पटापट मरतात.

कोरडवाहू
पत्र्याचं वापरत असाल तर माझी तक्रार नाही. बाकीच्यांबद्दल आहे.

जालन्याचा_पुण्यात
बघा, ताईंनी पाच ओळीत व्हिडिओचा विषय दिला. हिरवी_पेटी, तुम्ही मात्र पुढचा व्हिडिओ ‘टॉप टेन फोरग्राउंड प्लांट्स’ असाच करणार.

हिरवी_पेटी
करतो बाबा, बोअरवर व्हिडिओ करतो. लातूरच्या पाण्याचा कॅन भरून आणा, तुमच्याच पाण्यात टाकी लावतो. दोनशे लोकांनी बघितला तर मला फोन करून हसू नका म्हणजे झालं. रोपं पिवळी पडली तरी दाखवीन. लोखंड दिलं तरी माझ्या इथेही नवी पानं फिकीच येतात, ते कॅमेऱ्यात कसं लपवायचं हीच मोठी कला होती आजवर.

बोअरचं_पाणी
कॅन आणतो. अट एकच, शेवाळ साफ केल्याशिवाय शूटिंग नाही असं चालणार नाही. आणि तीन महिन्यांनी दुसरा भाग.

मांजराकाठ
नवी पानं पिवळी न् शिरा हिरव्या, आसंच का?

हिरवी_पेटी
हो, तसंच. तुम्हाला कसं माहीत?

मांजराकाठ
आहो त्यो केवडा. चुनखडीच्या रानात उसावर दरसाल येतोय. लोखंड रानात असतंय पण मुळाला घेता येत नाही. हिराकस, म्हणजे लोखंडाचा क्षार, टाकला तर तिथंच अडकून बसतंय. तुम्ही लोखंड कुठलं देताव?

हिरवी_पेटी
बाटलीवर ईडीटीए लिहिलंय.

मांजराकाठ
मग कसं लागंल! ईडीटीए लोखंडाला धरून ठेवतंय, पण साडेसहाच्या वर पीएच गेला की सोडून देतंय. डीटीपीए घ्या, साडेसातपर्यंत टिकतंय. बोअरचं पाणी त्याच्याबी वर आसंल तर ईडीडीएचए. कृषी सेवा केंद्रात पुडी मिळती, तुमच्या माशावाल्या दुकानाच्या मानानं फुकटच म्हणा. चिमूटच टाका, तुमच्या डब्याला लई झालं.

जालन्याचा_पुण्यात
ईडीडीएचएने पाणी लालसर होतं पण.

मांजराकाठ
होऊ द्या की. थंबनेलला लालच लागतंय म्हणले ना त्यांनी.