गोधडीचे एचएसटी दरवेळी अर्धं सूत (१/१६ इंच) कमीच भरतात

टाकेटिपे:
गोधडीतल्या भिंगरीच्या ब्लॉकसाठी (चार एचएसटींचा फिरत्या भिंगरीसारखा चौकोन) ६४ एचएसटी (हाफ-स्क्वेअर ट्रँगल, म्हणजे दोन त्रिकोण जोडून केलेले चौकोन) करायचे आहेत. ब्लॉकमध्ये बसल्यावर ३ इंच, म्हणजे जोडण्याआधी साडेतीन भरायला हवेत. चौकोन ३ ७/८ इंचांचे कापले, सुलट बाजू समोरासमोर ठेवून कर्णावर रेघ मारली, रेघेच्या दोन्ही बाजूंना टीप घातली, रेघेवर कापून इस्त्री केली. बहुतेक ३ ७/१६ भरतात, काही तिरकेही झालेत. जोडल्यावर टोकं शिलाईत जातात. मशीनला पाव इंची फूट (पाव इंचावर टीप पाडणारा दाबपाय) लावूनही असं का? चौकोन मोठे कापणं एवढाच उपाय आहे का?

उरेबपट्टी:
तुमच्या मापातच उत्तर आहे. रेघेपासून टीप जितकी लांब, त्याच्या १.४१ पट चौकोनाच्या बाजूतून वजा होतं. पाव इंचावर टीप पडली तर ३.८७५ मधून ०.३५४ जाऊन ३.५२ उरतात. म्हणजे ७/८ च्या हिशेबात (तयार मापात ७/८ मिळवून चौकोन कापायचा) ढिलाई आहे फक्त ०.०२ इंचाची, जेमतेम धाग्याएवढी. तीच टीप ५/१६ वर पडली की ३.४३. तुमचं ३ ७/१६ जवळपास तेच! टीप अर्धं सूत लांब जातेय.

पाव इंची फूट असलं तरी सुई नेमकी पाव इंचावर पडेलच असं नाही. त्यात जाड पेन्सिलीची रेघ, आणि कापड दुमडताना घडीत जाणारं दोराभर कापड. म्हणून टीप पाव इंचाला दोराभर कमीच हवी. तपासायला दीड इंच रुंद, चारेक इंच लांब अशा तीन पट्ट्या शेजारी शेजारी जोडा, इस्त्री करा, मधली मोजा. बरोबर १ इंच भरायला हवी. कमी भरली तर सुई उजवीकडे एक घर सरकवा आणि पुन्हा नव्या पट्ट्या. उसवलेल्या पट्ट्यांवर तपासू नका, त्या ताणलेल्या असतात.

एका जोडीतून निघालेले दोन्ही तुकडे मोजून बघा. दोन्ही सारखेच लहान असतील तर दोष टिपेचा. एक मोठा, एक लहान असेल तर रेघ कोपऱ्यातून गेलेली नाही. रेघेवर कापताना मात्र कात्री थोडी हलली तरी माप बदलत नाही, फक्त माया (टिपेबाहेर उरणारं कापड) कमीजास्त होते. लोक नेमकं तिथेच जीव तोडून जपतात.

खळ_घाला:
तिरके होतात ते इस्त्रीमुळे. कर्णाची कड उरेबात (कापडाच्या धाग्यांना तिरकी) असते, इस्त्री घासली की ती ताणली जाते. आधी बंद घडीवरच टिपेवर इस्त्री दाबा, मग उघडून गडद कापडाकडे माया वळवा. इस्त्री उचलून ठेवायची, ढकलायची नाही. वाफ नको. कापायच्या आधी कापडाला खळ देऊन पूर्ण वाळवलंत तर निम्मा त्रास तिथेच संपतो. टाका २ मि.मी.च्या आसपास ठेवा, मोठा टाका कापलेल्या टोकाशी सुटतो. कोपरा मशीनच्या दातांत ओढला जात असेल तर आधी एक चिंधी शिवायला घ्या आणि दोरा न तोडता तिच्यामागून चौकोन सारा.

कर्णरेषा:
वरचा हिशेब बरोबर, पण ६४ तुकड्यांसाठी ०.०२ इंचावर विसंबायचं कशाला? ४ इंचांचे चौकोन घ्या. ३.६४ च्या आसपास भरतील, साधारण एक सूत छाटायला मिळतं. किंवा एकदम आठ करा: ८ इंचांचे दोन चौकोन, दोन्ही कर्ण आखा, प्रत्येक कर्णाच्या दोन्ही बाजूंना टीप. मग कापड न हलवता आधी उभं आणि आडवं ४ इंचांवर कापा, शेवटी कर्णांवर. अशा ८ जोड्यांत ६४ होतात.

छाटताना मोजपट्टीची ४५ अंशांची रेघ टिपेवर बसवा. चौकोनाची कड नव्हे, टीप हाच आधार. दोन बाजू छाटा, तुकडा फिरवा, साडेतीनच्या खुणा छाटलेल्या कडांवर आणि ४५ ची रेघ पुन्हा टिपेवर आणून उरलेल्या दोन. एकाच बाजूने सगळं काढलंत तर माप जुळेल, पण टीप कोपऱ्यातून सरकेल आणि टोक बोथट होईल.

टाकेटिपे:
पट्ट्या शिवून पाहिल्या, मधली १ इंचाला अर्धं सूत कमी. छाटणी इस्त्रीआधी घडीतच केली तर चालेल का? निम्मेच काप पडतील.

कर्णरेषा:
चालेल. मोजपट्टीवरच्या दोन्ही साडेतीनच्या खुणा टिपेच्या ओळीवर ठेवायच्या, कापडाच्या कडेवर नाही. पण मग इस्त्री करताना ताणलं तर सुधारायला कापड उरत नाही. खळ दिलेली नसेल तर मी उघडूनच छाटायला सांगेन.

उरेबपट्टी:
आणि टोकांबद्दल: जोडताना मागच्या बाजूला दोन टिपा एकमेकींना छेदतात तिथे फुली दिसते. नवी टीप त्या फुलीच्या दोराभर बाहेरून, कडेच्या अंगाने न्या. सगळी माया गडद बाजूला वळलेली असली की भिंगरीत शिलाया आपोआप एकमेकींत अडकून बसतात. मधोमध गोळा येतो, तिथे मायेतले दोन-तीन टाके उसवून शिलाया गोल फिरवून बसवा.