प्रतिसाद: खांदे पाडलेला संघ आणि नवखा कर्णधार

बेळगावजवळच्या येळ्ळूर-कडोलीकडच्या मातीवरच्या कबड्डीचा विषय निघालाय. प्रश्न असा, की मध्यंतराला 12 गुणांनी मागे पडलेल्या पोरांना नवख्या कर्णधाराने कसं उभं करायचं. ‘लढा रे’ म्हणून काही होत नाही. त्यांना आकडा द्या.

मध्यंतर पाच मिनिटांचं. आधी पाणी, बोलणं नंतर. मग हिशेब मांडा: पूर्ण सात गडी टिपून लोण दिला (म्हणजे समोरचा अख्खा संघ बाद केला) की 7 आणि वरचे 2, म्हणजे 9. उरले 3. डोंगर एवढाच.

समोर सहा-सात गडी असले की बोनस (बोनस रेषा ओलांडल्याचा जादा गुण) खुणावतो, पण बोनसने आपला बाद गडी आत येत नाही. आपले तीनच उरले असतील तर चढाई रिकामी, म्हणजे गुण न घेता पण बाद न होता, आणून पकडीवर बसा. तीन किंवा कमी गड्यांनी केलेल्या पकडीला, म्हणजे अव्वल पकडीला, 2 गुण मिळतात. सलग दोन रिकाम्या चढायांनंतर मात्र तिसरीत गुण हवाच, नाहीतर चढाईपटू बाद. (गावच्या स्पर्धेत हे नियम लावलेत का, ते पंचांना आधीच विचारा.)

सगळ्यात जास्त नुकसान कर्णधाराच्या तोंडाने होतं. चुकलेल्या कोपरारक्षकावर (कडेला उभ्या बचावपटूवर) सगळ्यांदेखत खेकसलात, की पुढच्या चढाईला तो भरपाई म्हणून हात धरलेली साखळी सोडून एकटाच झेपावतो, आणि दोन गडी जातात.